मी प्यायलो नव्हतो, मला न्यूमोनिया झाला होता

आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका नको. मी घेत नाही. कॉलेजात असताना दोनदा बिअर चाखली, दोन्ही वेळा डोकं दुखलं, विषय संपला. हे एवढं जोर देऊन सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी पितृपक्षातल्या एका सोमवारी रात्री साडेनऊला मी कांजूरमार्ग स्टेशनवरून चालत घरी आलो तो चक्क झुलत आलो, सोसायटीच्या गेटला खांदा आपटला, वॉचमनशी काहीतरी बोललो ते त्याला कळलं नाही आणि लिफ्ट समजून मीटर रूमचं दार ओढत उभा राहिलो. श्रावण संपला होता, गणपती गेले होते, म्हणजे बघणाऱ्यांच्या हिशोबात मला आता रान मोकळं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका नेमके तेव्हाच कुत्र्याला फिरवून येत होते. पुढचं सांगायला नको.

वॉचमनने वर आणून सोडलं. दार उघडल्यावर आमच्या हिने पहिलं काय केलं तर माझ्या तोंडाचा वास घेतला. सोळा वर्षं झाली लग्नाला. तिला मी अजून यावरून बोलतो आणि ती म्हणते, तू स्वतःला बघितलं असतंस तर तूही घेतला असतास.

मागच्या पंधरा दिवसांचा हिशोब सांगतो. मी एका सीए फर्ममध्ये आहे, सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे टॅक्स ऑडिटचा मरणाचा सीझन. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे सुटी मागायला तोंड नव्हतं, विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी मला एका क्लायंटच्या फॅक्टरीत बाहेरगावी पाठवलं. सहा रात्री एका लॉजवर. रूम बरेच दिवस बंद असावी, पहिल्या दिवशी शॉवर सोडला तर आधी तांबूस पाणी आलं, मग कोमट, गीझर कितीही वेळ ठेवला तरी कोमटच. मी काय, आंघोळ झाल्याशी मतलब. शॉवरच्या जाळीवर पांढरा थर धरला होता तो नखाने खरवडला एवढं आठवतं कारण त्याशिवाय पाणी सगळीकडे उडत होतं आणि चेहऱ्यावर मात्र येत नव्हतं.

परत आलो आणि चार दिवसांनी थंडी वाजून ताप. अंगदुखी अशी की केस विंचरताना डोकं दुखायचं. खोकला होता पण कोरडा, कफ वगैरे नाही, आणि सोबत जुलाब. सप्टेंबरात मुंबईत ताप आला की डॉक्टर काय करणार, मलेरिया बघणार, डेंग्यू बघणार, तसंच झालं, दोन्ही निगेटिव्ह. नाक्यावरच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि एक नेहमीचं अँटिबायोटिक दिलं, पेनिसिलिनच्या घराण्यातलं. त्यांना मी दोष देत नाही, दिवसाला ऐंशी तापाचे पेशंट बघणारा माणूस अजून काय करणार. गाढवपणा माझा. सोमवारी सकाळी दोन गोळ्या पोटात टाकून ताप १०० वर आणला आणि ऑफिसला गेलो. ऑफिसात म्हणे मी दुपारपासून कमी बोलत होतो आणि एका एक्सेल शीटमध्ये एकच आकडा चाळीसएक ओळींत भरून ठेवला होता. मला यातलं काही आठवत नाही. ट्रेन पकडली हे आठवतं, फास्ट होती की स्लो ते नाही.

त्या रात्री ताप १०३. बाराच्या सुमाराला मी हॉलमध्ये येऊन बसलो आणि हिला म्हटलं, बाबा आलेत, चहा टाक. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. बरं, पितृपक्ष चालू, बाबांची तिथी दोन दिवसांवर, आई तिथेच पलंगावर जागी. हिचं म्हणणं मी अगदी शांतपणे बोलत होतो, फक्त शब्द तुटक, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवत होतो. ही घाबरली. आई उठली, काही न बोलता किचनमध्ये गेली आणि खरोखर चहा टाकला. दोन कप. नंतर विचारलं तर म्हणाली, तू मागितलास म्हणून केला, त्यात काय एवढं.

पहाटे तीनला हॉस्पिटल. नाव लिहीत नाही. कॅज्युअल्टीत एक पोरगेला डॉक्टर, छत्तीस तास जागा असावा, त्याने माझं बोलणं ऐकलं, दोन पावलं चालायला लावलं आणि हिला पहिला प्रश्न, ड्रिंक केलंय का. ही म्हणाली नाही. तो म्हणाला रोज करतात का. तिसऱ्यांदा विचारल्यावर आमच्या मेव्हण्याचा आवाज चढला. तरी त्याने केसपेपरवर लिहिलंच, अल्कोहोल, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

ऑक्सिजन ९० दाखवत होता, एक्सरेत उजवीकडे खालचा भाग पांढरा धोप, म्हणजे न्यूमोनिया, हे तासाभरात कळलं. पण मग बोलणं का अडखळतंय? तोंड वाकडं नाही, हातापायात ताकद आहे, तरी स्ट्रोकची शंका आली, सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल. रक्तात सोडियम १२१ आलं, असायला हवं १३५ च्या वर. आता सगळे म्हणाले सोडियममुळेच भ्रमिष्टासारखं करतोय. काही अंशी खरंही होतं ते. आमच्या मेव्हण्याला वाटलं की मीठच कमी आहे तर भरा की पटकन सलाईनमधून, पण तसं चालत नाही. सोडियम हळूहळूच चढवायचं असतं, दिवसाला आठ-दहाच्या वर नाही, घाई केली तर मेंदूलाच कायमची इजा होऊ शकते. डॉक्टर दर काही तासांनी रक्त नेत होते ते त्यासाठी.

सकाळी न्यूरोवाले आले. त्यांनी १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं. मी ९३ म्हटलं, ८६ म्हटलं आणि मग विचारलं, जीएसटी वेगळा लावू का. बोटाने नाकाला हात लावायला सांगितलं तर बोट गालावर. मग एमआरआय.

आणि एमआरआयमध्ये ठिपका सापडला.

मेंदूचे डावा-उजवा असे दोन भाग आणि त्यांना जोडणारा तंतूंचा एक जाडजूड पट्टा मधे असतो, कॉर्पस कॅलोझम. त्यात वीस कोटींच्या आसपास तंतू असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टेशनचा ईस्ट-वेस्ट पूल. या पुलाच्या मागच्या टोकाला, समजा कल्याण साईडला, अगदी मधोमध, एक लंबगोल पांढरा डाग होता. साबुदाण्याहून थोडा मोठा असेल फिल्मवर. या मागच्या टोकाला स्प्लेनियम म्हणतात. मेंदूत डाग हा शब्द ऐकून हिच्या पायातलं त्राण गेलं, साहजिक आहे, आपल्याकडे मेंदूत डाग म्हणजे गाठ नाहीतर टीबी. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते स्वच्छ निघालं. म्हणजे जंतू मेंदूपर्यंत पोचलेच नव्हते. मेंदू कुणी हात न लावता हादरला होता.

याला नाव आहे. २००४ मध्ये जपानी डॉक्टरांनी असे पेशंट एकत्र करून ते दिलं, त्याचा शॉर्टफॉर्म होतो मर्स. हिने रात्री दोन वाजता वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मर्स गूगल केलं तर उंटांचे फोटो आले, सौदी अरेबिया, २०१२, कोरोनाचा भाऊ, मृत्युदर वगैरे. ती रडतच सिस्टरकडे गेली. सिस्टर म्हणाली ताई तो वेगळा मर्स. एकाच नावाचे दोन आजार ठेवणाऱ्यांना काही कळतं की नाही, तुम्हीच सांगा.

आता निदानाची गोष्ट, आणि याचं श्रेय एका पन्नाशीच्या फिजिशियन मॅडमना. त्या राऊंडला आल्या, फाईल उभ्यानेच चाळली आणि म्हणाल्या ताप १०३ आणि नाडी ८४ कशी? एवढ्या तापात ती शंभरच्या बरीच वर पाहिजे. मग जुलाब विचारले, खोकला कोरडा का विचारलं, सोडियम बघितलं, लिव्हरचे आकडे बघितले, आणि हिला विचारलं, गेल्या पंधरा दिवसात हे हॉटेलात राहिले होते का? एसी दुरुस्ती, कारंजं, बंद खोलीतला शॉवर, असं काही? ही म्हणाली लॉजवर होते आणि शॉवरला तांबडं पाणी येतं म्हणून फोनवर कुरकुरत होते. झालं. मॅडमनी रिपोर्टची वाट न बघता लेव्होफ्लॉक्सासिन नावाचं दुसरं अँटिबायोटिक चालू केलं आणि लघवीची एक टेस्ट पाठवली. दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह. लिजिओनेला.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं, तुम्हीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकत असाल. याचा इतिहास सिनेमासारखा आहे. जुलै १९७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं, फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. घरी गेल्यावर लोक एकेक करून न्यूमोनियाने पडायला लागले. एकूण २२१ आजारी, ३४ गेले. कुणी म्हणे स्वाइन फ्लू, कुणी म्हणे विषप्रयोग. महिनोन्‌महिने काही सापडेना. शेवटी सरकारी लॅबमधले जोसेफ मॅकडेड नावाचे शास्त्रज्ञ डिसेंबरच्या सुटीच्या दिवसांत जुन्या स्लाईड परत बघत बसले आणि त्यांना तो जंतू दिसला, जानेवारी १९७७ मध्ये जाहीर केलं. लीजनच्या लोकांना झाला म्हणून लिजिओनेला. म्हणजे आजारी पडले ते पडले, वर जंतूला नावही त्यांचंच.

हा जंतू पाण्यात राहतो. कोमट, साचलेलं पाणी त्याला फार आवडतं, मोठ्या बिल्डिंगांचे कूलिंग टॉवर, न वापरलेले पाईप, अर्धवट तापणारे गीझर. पिण्यातून त्रास सहसा होत नाही, पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की होतो. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, हे ऐकून हिने पोराला परत खोलीत येऊ दिलं. आणि हा फुप्फुसातल्या पेशींच्या आत जाऊन बसतो, ज्या पेशींनी त्याला खायचं त्यांच्याच पोटात बिऱ्हाड करतो, म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्याच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन अशी पेशींच्या आत शिरणारी औषधं लागतात. तो लॉजच्याच शॉवरमधून आला का? पाण्याचा नमुना घेऊन तोच जंतू जुळवला असता तर सिद्ध झालं असतं, कोण करणार ते. त्यामुळे लॉजचं नाव विचारू नका.

मी मॅडमना शुद्धीवर आल्यावर विचारलं, इन्फेक्शन छातीत तर मेंदूत डाग कशाला? त्यांनी सांगितलेलं मला समजलं तेवढं लिहितो. जंतूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं त्यांचा पूर येतो, सोडियम पडलेलं असतं, या सगळ्याने त्या पुलाच्या तंतूंवरचं जे वेष्टण असतं, वायरवरचं प्लास्टिक म्हणा, त्याच्या थरांत पाणी शिरतं. एमआरआयवर ते पांढरं दिसतं. पण स्ट्रोकमध्ये रक्त बंद होऊन पेशी मरतात, इथे मरत नाहीत. हिंदमाताला पाणी तुंबतं तसं आहे, बाईक बंद पडतात, लोक अडकतात, पण पाणी उतरलं की रस्ता असतोच खाली. लिजिओनेला एकटाच असं करतो असं नाही, मायकोप्लाझ्मा नावाचा दुसरा न्यूमोनियाचा जंतू लहान मुलांमध्ये करतो, फ्लूमध्ये दिसतं, डेंग्यूतसुद्धा दिसलंय. एवढंच काय, फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्यावरही हा ठिपका येऊ शकतो.

आणि झुलत चालण्याचं काय, तर ते या ठिपक्यामुळे नाहीच म्हणे. तोल आणि बोलण्याची लय सांभाळतो लहान मेंदू, मागे खाली असतो तो. लिजिओनेलाची त्याच्यावर खास मर्जी, एमआरआयमध्ये तिथे काही दिसत नाही पण काम बिघडलेलं असतं. आणि दारू चढते तेव्हाही हाच लहान मेंदू ढेपाळतो. म्हणजे वॉचमन, काका, कॅज्युअल्टीतला डॉक्टर, आमची ही, कुणाचंच बघणं चुकलं नव्हतं. दिसत होतं ते बरोबर दिसत होतं, कारण वेगळं होतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

मॅडम अजून एक बोलल्या ते इथे लिहायलाच हवं. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टरांचा एक साधा पाच गुणांचा हिशोब असतो, युरिया, श्वासाचा वेग, ब्लडप्रेशर, वय ६५ किंवा जास्त आहे की नाही, आणि या सगळ्यांच्या आधी पहिला गुण असतो गोंधळलेपणाचा, माणूस असंबद्ध बोलतोय का याचा. म्हाताऱ्या माणसांना तर कधीकधी ताप-खोकला फारसा नसतोच, नुसतं बरळायला लागतात आणि घरचे म्हणतात वय झालं आता. तेव्हा घरात कुणी तापात किंवा तापाशिवायही एकाएकी बदलल्यासारखं बोलायला लागलं तर दवाखान्यात न्या आणि छातीचा फोटो काढायला सांगा, नजर-बिजर नंतर काढा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी सकाळी मी हिला विचारलं आज वार कोणता आणि ती तोंड फिरवून बाथरूममध्ये गेली, दहा मिनिटं बाहेर आली नाही. मधल्या दिवसांचं माझ्याकडे काहीही नाही. लोकांनी सांगितलेलं आहे, माझं स्वतःचं असं एकच चित्र, सीलिंगवरचा एसीचा झरोका आणि त्याच्यावर फडफडणारा एक धागा. ऐकलं ते सगळं दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं वाटतं. बाबा दिसले हेही आठवत नाही याचं मात्र वाईट वाटतं.

अठराव्या दिवशी परत एमआरआय. ठिपका गायब. नुसता फिकट वगैरे नाही, नाहीच. रेडिओलॉजिस्टने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या, तीच कवटी, तोच पूल, एकात साबुदाणा आणि एकात काही नाही. पण माझं बोलणं अजून सरळ नव्हतं. एकेक शब्द सुटा पडायचा, रेल्वेची अनाउन्समेंट असते ना, पुढील, स्टेशन, विक्रोळी, तसं. पोरगा सातवीत, त्याने माझी शिकवणी घेतली, रोज संध्याकाळी काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले, दहा वेळा. तिसऱ्या वेळेला मी राळे सोडून भलतंच काहीतरी म्हणायचो आणि दोघंही हसत बसायचो. दिवाळीपर्यंत बोलणं नव्वद टक्के आलं. सही यायला अजून वेळ लागला, दोन चेक सही जुळत नाही म्हणून परत आले, शेवटी बँकेत नवीन सही दिली. आता तीच चालते.

आणि ते प्रश्नचिन्ह. मेडिक्लेमवाल्यांनी क्वेरी पाठवली, दोन मुद्दे. एक, न्यूमोनियाच्या पेशंटला ब्रेनचा एमआरआय कशासाठी. दोन, ॲडमिशनच्या वेळी पेशंटने मद्यपान केल्याची नोंद असल्याने खुलासा करावा. प्रश्नचिन्ह गिळून टाकलं होतं. केसपेपरवर एका दमलेल्या माणसाने पहाटे साडेतीनला काढलेली शंका तिथपर्यंत जाता जाता नोंद झाली होती. मॅडमनी सर्टिफिकेट दिलं, लघवीचा रिपोर्ट जोडला, तीन महिने मेल गेले आले, शेवटी पैसे मिळाले, दुसऱ्या एमआरआयचे कापून.

वॉचमनला मी सगळं समजावून सांगितलं, तो म्हणाला, साब, मुझे लगा था कुछ गडबड है, आप तो रोज गुड नाईट बोलते हो. काकांना समजावायला गेलो नाही. परवा लिफ्टमध्ये भेटले, सोबत कुत्रा. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, तब्येत छान दिसतेय आता, सोडली वाटतं?

मी म्हटलं हो काका, सोडली.